बिल्ल्यावर झेंडा कोणाचा?



गणेशोत्सवाच्या आराशीसाठी बालविभागाने यंदा अंतराळयान हा विषय घेतला आहे, हे आपल्याला ठाऊक आहेच. पुठ्ठ्याचे यान, चंदेरी कागदाच्या चांदण्या आणि यानातल्या छोट्या वीरांच्या दंडावर एकेक कापडी बिल्ला, एवढी साधी कल्पना. मागच्या बैठकीत मुलांना गोल कागद वाटले आणि आपापला बिल्ला काढायला सांगितले. कडेने नाव, मध्ये चित्र. दहा मिनिटे बरी शांततेत गेली. मग एका नऊ वर्षांच्या मुलीने मान वर करून विचारले, माझ्या नावाशेजारी झेंडा कुठला काढू?

ती प्रश्न विचारून पुन्हा रंगकामाला लागली. मोठ्यांनी मात्र तो उचलून धरला. एक पक्ष म्हणाला तिरंगाच हवा, त्यात विचारायचे काय. दुसरा म्हणाला, मुले इथे जन्मली, रोज सकाळी शाळेत छातीवर हात ठेवून इथल्या झेंड्याची शपथ घेतात, त्यांना खोटे कशाला काढायला लावता? तिसऱ्याने गणपतीचे काम आहे तर भगवा काढा म्हणून सुचवले. एक काका म्हणाले दोन्ही झेंडे काढा, आणि लगेच कुठला डावीकडे यावर नवा वाद सुरू झाला. पाऊण तासात चहा निवला, बैठक तहकूब झाली आणि निर्णय कार्यकर्त्यांवर सोपवून सगळे घरी गेले. आम्ही पडलो रसायनशास्त्राचे, झेंड्यांचे नव्हे. पण सोपवलेच आहे, तर आमचे मत इथे मांडतो.

अंतराळवीरांच्या बिल्ल्याची प्रथा आपल्याला वाटते तितकी जुनी नाही. अमेरिकेत ती सुरू झाली १९६५ साली, जेमिनी ५ या उड्डाणापासून. गॉर्डन कूपर आणि पीट कॉनराड आठ दिवस अंतराळात राहणार होते. तोवर एवढे कोणीच राहिले नव्हते. त्यांनी जुन्या वसाहतवाल्यांच्या छपराच्या गाडीचे चित्र काढले आणि गाडीच्या कापडावर लिहिले, आठ दिवस नाहीतर फजिती, अशा अर्थाचे काहीतरी. नासाचे प्रमुख जेम्स वेब यांना ते रुचले नाही. सहाव्या दिवशी परतावे लागले तर? शेवटी तोडगा निघाला. बिल्ला लावा, पण त्या शब्दांवर कापडाचा तुकडा शिवा. आठ दिवस पुरे झाले की काढा. आम्हाला हा तोडगा फार आवडतो. आपल्याकडे आधी फलक लागतो आणि मग काम सुरू होते.

अपोलो ११ च्या बिल्ल्यावर तर नावेच नाहीत. मायकेल कॉलिन्सने गरुड काढला आणि तिघांनी ठरवले की आपली नावे नकोत, हे काम हजारो माणसांचे आहे. 'इलेव्हन' हा शब्द परदेशातल्या लोकांना वाचता येणार नाही, म्हणून आर्मस्ट्राँगच्या आग्रहाने तिथे अंक आला. गरुडाच्या उघड्या नख्या आक्रमक दिसतात अशी शंका वरिष्ठांनी काढली, तेव्हा चोचीतली ऑलिव्हची फांदी नख्यांत दिली गेली. म्हणजे बिल्ल्यावरून वाद घालणारे आपणच पहिले नाही, हा एक दिलासा.

पण आमच्या मनात आहे तो बिल्ला १९७५ सालचा, अपोलो-सोयुझचा.

मे १९७२ मध्ये निक्सन आणि कोसिगिन यांनी करार केला की अमेरिकेचे अपोलो आणि सोव्हिएत संघाचे सोयुझ यांनी वर जाऊन एकमेकांना जोडायचे. क्षेपणास्त्रे एकमेकांकडे रोखून बसलेले हे दोन देश. १७ जुलै १९७५ रोजी याने जोडली गेली, दार उघडले, आणि टॉम स्टॅफर्ड व अलेक्सी लिओनोव्ह यांनी हस्तांदोलन केले. अमेरिकन चमूच्या बिल्ल्यावर कडेने पाचही जणांची नावे आहेत. निळ्यावर तीन पांढरे तारे स्टॅफर्ड, ब्रँड आणि स्लेटन यांचे. लालवर दोन सोनेरी तारे लिओनोव्ह आणि कुबासोव्ह यांचे. 'अपोलो' इंग्रजी लिपीत आहे, 'सोयुझ' रशियन लिपीत. एकाच वर्तुळात दोन लिपी, आणि कोणी कोणाला आपल्या अक्षरांत कोंबलेले नाही.

आता यामागची तयारी पाहा, कारण बिल्ला शिवायला दुपार पुरते, तयारीला तीन वर्षे लागली.

पहिली अडचण हवेची. (इथे आमच्या विषयाचे थोडे सहन करावे.) अपोलोमध्ये जवळजवळ शुद्ध प्राणवायू असे, पण दाब आपल्या नेहमीच्या हवेच्या एक तृतीयांश. सोयुझमध्ये साधी हवा, नायट्रोजनसकट, जमिनीवरच्या दाबाची. सोयुझमधला माणूस तडक अपोलोत गेला तर दाब एकदम उतरेल आणि रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतील; सोड्याच्या बाटलीचे बूच काढल्यावर होते तसे. म्हणून दोन यानांच्या मध्ये एक खोली बांधली गेली. तिथे दार लावून थांबायचे, हवा बदलू द्यायची, मग पुढचे दार उघडायचे. ती खोली अमेरिकेने बांधली आणि वर नेली. सोव्हिएत बाजूने आपल्या यानातला दाब दोन तृतीयांशापर्यंत उतरवला, म्हणजे खोलीत ताटकळत बसायला नको. शिवाय प्राणवायूत चटकन पेट घेणार नाही असे कापड आपल्या माणसांच्या कपड्यांसाठी तयार केले. दोघेही आपापल्या जागेवरून हलले.

जोडणीचेही तसेच. साध्या जोडणीत एक भाग घुसणारा असतो आणि दुसरा घेणारा. इथे घुसणारा कोण आणि घेणारा कोण, हे कोणता देश मान्य करणार? तेव्हा दोन्हीकडे सारखीच रचना केली. पाळी येईल तसे कोणीही पुढाकार घ्यावा. १७ जुलैला अपोलोने घेतला, १९ जुलैला सुटून पुन्हा जोडताना सोयुझने.

आणि भाषा. अमेरिकनांनी रशियन शिकायची, रशियनांनी इंग्रजी. हे लोक काही विशीतले विद्यार्थी नव्हते. स्लेटन पन्नाशी उलटलेला. १९५९ साली निवडला गेला, हृदयाच्या ठोक्यांमुळे १९६२ मध्ये उड्डाणाला मनाई झाली आणि इतक्या वर्षांनी पहिली संधी मिळाली तर तिच्यासोबत रशियन व्याकरण आले. ठरले ते असे, की वर गेल्यावर अमेरिकन रशियनमध्ये बोलतील आणि रशियन इंग्रजीत. वाचताना उलटे वाटते, पण त्यात मोठे शहाणपण आहे. परक्या भाषेत माणूस सावकाश बोलतो, सोपे शब्द निवडतो, आणि ऐकणाऱ्याला स्वतःची भाषा कानावर पडत असल्याने चूक झाली तर ताबडतोब कळते. स्टॅफर्ड ओक्लाहोमाचा. त्याच्या हेलावरून लिओनोव्ह थट्टा करायचा, की या उड्डाणात भाषा तीन आहेत: रशियन, इंग्रजी आणि 'ओक्लाहोमस्की'. थट्टा झाली, पण स्टॅफर्ड रशियन बोलायचा थांबला नाही.

आता झेंड्याकडे येतो. कल्पना चावला ज्या कोलंबिया यानातून गेली, त्या २००३ सालच्या उड्डाणाचा बिल्ला यानाच्याच आकाराचा आहे. त्यावर कपोत म्हणजे पारव्याच्या नक्षत्राचे सात तारे आहेत आणि कडेने सातजणांची नावे. त्यांपैकी एकाच नावाशेजारी वेगळा झेंडा आहे: इलान रॅमोनच्या नावाशेजारी इस्रायलचा. चावला या नावाशेजारी कुठलाच नाही. कर्नालची मुलगी, पण ती नासाची अंतराळवीर आणि अमेरिकेची नागरिक म्हणून गेली. रॅमोनला इस्रायलने पाठवले होते. १ फेब्रुवारीला यान परत आले नाही, तेव्हा आम्ही भारतात शाळेत होतो. त्या सोमवारी प्रार्थनेनंतर सगळी शाळा तिच्यासाठी उभी राहिली. तिच्या नावाशेजारी झेंडा कुठला होता, हे एकानेही विचारले नाही.

उलट शुभांशू शुक्ला २५ जून २०२५ रोजी निघाले ते भारताने पाठवलेले म्हणून. एक्सिऑम ४ मध्ये त्यांच्यासोबत अमेरिकेच्या पेगी व्हिटसन, पोलंडचे एक आणि हंगेरीचे एक असे चौघे होते. वर पोचताच त्यांनी देशवासीयांना उद्देशून खांद्यावरच्या तिरंग्याचा उल्लेख केला आणि तो त्यांना शोभला. (१५ जुलैला ते समुद्रात उतरले. अपोलो आणि सोयुझ निघाले त्याला त्या दिवशी बरोबर पन्नास वर्षे झाली.)

म्हणजे बिल्ल्यावरचा झेंडा हा पाठवणाऱ्याचा शिक्का असतो. आपल्या मुलांना कोणत्या सरकारने पाठवले? कोणत्याच नाही. दोन बॅगा आणि एक फॉर्म हातात धरून विमानात बसलो ते आपण. त्या नऊ वर्षांच्या मुलीला तिने न घेतलेल्या निर्णयाचा शिक्का मारायला लावू नये असे आम्हाला वाटते, मग तो शिक्का कुठल्याही रंगाचा असो. मंडपाच्या दारात दोन्ही झेंडे दरवर्षी असतात, यंदाही असतील. तिथे आमचे काहीच म्हणणे नाही.

आमचे म्हणणे आहे ते लिपीबद्दल, आणि खरे तर बोलण्याबद्दल. शुक्लांनी वर भारताचे सात प्रयोग केले, त्यांत मूग आणि मेथीला मोड आणण्याचा एक होता. तो ऐकून आमच्या चिरंजीवांनी स्वयंपाकघरातले मूग ओल्या कागदात गुंडाळले, रोज मोजपट्टी लावली, वहीत आकडे लिहिले. रविवारी आजीचा फोन आला. तो सगळे भरभरून सांगत होता, इंग्रजीत. आजी 'हो का, छान हो' म्हणत होती. मग फोन आमच्याकडे आला आणि तिने हळूच विचारले, "काय म्हणत होता रे?" साठ वर्षे मुगाला मोड आणणारी बाई ती. फडके किती ओले हवे, थंडीत डबा कुठे ठेवायचा, मोड कधी कडू होतात, हे तिच्याइतके कोणाला ठाऊक? जगात ज्या एका विषयावर नातवाने तिचा सल्ला घ्यायचा, तोच विषय तिच्या कानावरून निसटून गेला. आम्ही शेजारी उभे होतो आणि दुभाष्याचे काम करत होतो. वर्षानुवर्षे तेच करतो आहोत.

आपल्या बहुतेक घरांत हीच पद्धत आहे. आईने मराठीत विचारायचे, मुलाने इंग्रजीत उत्तर द्यायचे. दोघांचीही सोय होते आणि दोघेही जागचे हलत नाहीत. आपण त्याला 'त्याला सगळे समजते' असे म्हणून समाधान मानतो. स्टॅफर्ड आणि लिओनोव्ह यांनाही तसे करता आले असते. त्यांनी नेमके उलट केले.

तेव्हा आमच्या दोन सूचना. बिल्ल्यावर झेंडा नको. नाव दोन्ही लिपींत हवे, आणि देवनागरीतले नाव मुलाने स्वतः काढायचे. ऱ्हस्वदीर्घ चुकले तरी चालेल, आईने पेन्सिलीने काढून दिलेले चालणार नाही. दुसरी सूचना मोठ्यांना जड जाईल. आराशीच्या तयारीचे जे चार रविवार आहेत, त्यांत मंडळाच्या खोलीत मुलांनी मराठीत बोलायचे आणि मोठ्यांनी इंग्रजीत. हो, मोठ्यांनीसुद्धा. आपले सातारी आणि पुणेरी इंग्रजी मुलांना सहन करू दे, त्यांचे 'मी गेली' आणि 'तो मला आवडतो नाही' आपण सहन करू. हसायचे नाही. निदान लिओनोव्हइतकेच हसायचे.

काही पालक म्हणतील की मुले यायचीच बंद होतील. शक्य आहे. मराठी शाळेत सप्टेंबरात बावीस असतात आणि फेब्रुवारीत नऊ, हा हिशोब आम्हीच ठेवतो. पण सध्या जी मुले येतात ती आपल्याशी इंग्रजीत आणि एकमेकांशी इंग्रजीत बोलून घरी जातात, आणि आपण हजेरीपटावर खूण करतो. त्यापेक्षा नऊच आली आणि अडखळत का होईना बोलली तर आम्हाला चालेल.

जेमिनीवाल्यांचा कापडाचा तुकडाही आम्ही उसना घेतला आहे. बिल्ल्याच्या खालच्या कडेला 'मी मराठी बोलतो' किंवा 'मी मराठी बोलते' असे शिवायचे आणि त्यावर पट्टी टाचायची. चार रविवार पार पडले की जो तो आपली पट्टी आपण उसवेल. मोठ्यांसाठीही बिल्ले आहेत. त्यावर काय लिहायचे ते मुले ठरवणार आहेत, आणि त्यांच्या कुजबुजीवरून ते फारसे सौम्य नसावे.

येत्या रविवारी दुपारी दोन वाजता सुरुवात. कापड आणि रंगीत दोरे मंडळाकडे आहेत. सुया, कात्र्या आणि कोणाकडे हाताचे शिवणयंत्र असल्यास ते आणावे. चहा यावेळी थर्मासमध्ये असेल.

आपला,
बालविभागाचा एक कार्यकर्ता