उनाडांची चाल, मीनाक्षीचं गाणं

तुमच्या ओळखीतलं एखादं मूल बंगळुरूत कर्नाटक पद्धतीचं व्हायोलिन शिकत असेल, तर त्याला एकदा ‘वन्दे मीनाक्षी’ वाजवायला सांगा. शंकराभरणम् रागातली छोटीशी, उड्या मारत जाणारी रचना आहे. आपल्या कानांना बिलावलची आठवण होईल, पण त्यात मींड नाही की गमक नाही. शाळेच्या कवायतीला चालेल इतकी ती सरळ आहे.

याचं कारण म्हणजे तिची चाल इथली नाही. आयर्लंडच्या कॉर्क परगण्यात मॅलो नावाचं गाव आहे. अठराव्या शतकात तिथल्या झऱ्यांच्या पाण्यासाठी श्रीमंत मंडळी हवापालटाला यायची. त्यांच्यातल्या उनाड, उधळ्या तरुणांवर एक गाणं झालं, ‘रेक्स ऑफ मॅलो’. नुसतं पिणं आणि धिंगाणा! त्याच चालीवर मुत्तुस्वामी दीक्षितरांनी देवीची संस्कृत स्तुती बसवली. देवीने हे कसं चालवून घेतलं, ते तिलाच माहीत.

झालं असं, की दीक्षितर कुटुंब काही वर्षं मद्रासजवळ मणलीला राहत होतं. तिथल्या आश्रयदात्या मुदलियारांचा ईस्ट इंडिया कंपनीशी संबंध होता, त्यामुळे या भावांना सेंट जॉर्ज किल्ल्यातला गोऱ्यांचा बँड ऐकायला मिळाला. धाकटा भाऊ बाळुस्वामी एका युरोपीय वादकाकडे व्हायोलिन शिकला, आणि पुढे ते वाद्य दक्षिणेत असं रुजलं की आज त्याच्याशिवाय कचेरी सुरू होत नाही. मुत्तुस्वामींनी बँडच्या चाली कानात साठवल्या. अशा चाळीसेक रचनांना ‘नोट्टुस्वर’ म्हणतात. त्यातली ‘श्यामले मीनाक्षी’ घरातल्या लहानग्यांना ऐकवा. ती ‘ट्विंकल ट्विंकल’च्या चालीवर आहे, हे ते तुमच्या आधी ओळखतील.

आता तीच मॅलोची चाल आयर्लंडमध्ये कशी वाजते, ते पाहा. एखाद्या पबच्या कोपऱ्यात किंवा कुणाच्या स्वयंपाकघरात सहा-सात माणसं बसलेली असतात. दोन फिडल, म्हणजे आपलं व्हायोलिनच. एक लाकडी बासरी, एक पत्र्याची शिट्टी, एक छोटी पेटी. कोपराने भाता दाबून वाजवायचे ‘इलन पाइप्स’ असतात आणि बकऱ्याच्या कातड्याचं ‘बोरान’ असतं, आपल्या वाघ्याच्या हातातल्या दिमडीचा थोरला भाऊच म्हणा. माणसं गोल करून, एकमेकांकडे तोंड करून बसतात. ऐकणाऱ्यांकडे काहींची चक्क पाठ असते. समोर कागद नसतो. कुणीतरी चाल उचलतो, ज्यांना येते ते सामील होतात, ज्यांना येत नाही ते गप्प बसून ऐकतात. चाल दोन-तीनदा फिरते आणि न थांबता दुसरीत शिरते. सगळे एकच चाल वाजवतात, फक्त प्रत्येकाचे कणस्वर वेगळे. ‘जिग’ सहा मात्रांचा, दादऱ्याच्या जवळचा. ‘रील’ केरव्याकडे झुकणारा. नवखा मुलगा कडेला बसतो आणि येईल तेवढंच वाजवतो. पुढच्या महिन्यात त्याला आणखी एक चाल आलेली असते.

चक्री भजनाला बसलेल्यांना हे नवं नाही. मागच्या रांगेत टाळ धरून बसायचं, चुकलं तर पखवाज सांभाळून घेतो, आणि चार एकादश्यांनी अभंग आपोआप तोंडात येतो. परीक्षा नाही की प्रमाणपत्र नाही.

आयर्लंडमध्ये हा गोल जवळजवळ मोडला होता. दुष्काळ आणि गरिबीने लाखो माणसं देश सोडून गेली, आणि त्यांच्या चाली त्यांच्याबरोबर गेल्या. १८४८ साली कॉर्कमध्ये जन्मलेला फ्रान्सिस ओनील पोरवयात घर सोडून जहाजावर चढला आणि पुढे शिकागोचा पोलीसप्रमुख झाला. कामातून वेळ काढून तो शहरातल्या आयरिश लोकांना, त्यात हाताखालचे पोलीसही आले, गावाकडच्या चाली वाजवायला लावायचा. स्वतः तो कानाने वाजवणारा, म्हणून स्वरलेखन जेम्स ओनील नावाचा सहकारी करायचा. १९०३ साली त्यांचं पुस्तक निघालं. त्यात १,८५० चाली होत्या. आयर्लंडचं एवढं संगीत कागदावर आलं ते अमेरिकेतल्या पोलिसांमुळे! पुढे मायदेशात १९३५च्या कायद्याने सार्वजनिक नाचाला परवाना लागू लागला आणि त्याच्या आधाराने घरगुती नाचगाणीही बंद पाडली गेली. १९६८ साली पाइप्स वाजवणाऱ्यांची संघटना निघाली, तेव्हा शंभरही वादक उरले नव्हते.

आज आपण ज्याला ‘पारंपरिक आयरिश ग्रुप’ म्हणून ऐकतो, तो प्रकार पाहिला तर फारसा जुना नाही. नाचाला साथ करणारे बँड आधी होते, पण नुसतं ऐकण्यासाठी अशी वाद्यं एकत्र बसवण्याचा प्रयोग शॉन ओ रीअडा यांनी १९६०च्या सुमारास केला. त्यांच्याकडचे पाइप्सवादक पॅडी मलोनी यांनी १९६२ साली डब्लिनमध्ये ‘द चीफ्टन्स’ सुरू केला. मला त्यांच्या ग्रॅमींपेक्षा एक गोष्ट जास्त आवडते. सुरुवातीची तेरा-एक वर्षं या मंडळींनी नोकऱ्या सोडल्या नव्हत्या. दिवसा काम, संध्याकाळी वाद्य. पूर्ण वेळ संगीत १९७५ला सुरू झालं आणि १९८३ साली ते चीनच्या भिंतीवर वाजवून आले. त्यांचे बासरीवादक मॅट मोलॉय यांचा वेस्टपोर्ट गावात पब आहे. तिथे आजही असेच गोल करून वादक बसतात.

नोकरीसाठी गाव सोडून बंगळुरूला आलेल्या माझ्यासारख्यांना हे सगळं ऐकून जरा चुळबुळ होते. या शहरात संगीताला तोटा नाही. अहो, इथे व्हायोलिनच्या आकाराचं अख्खं सभागृह आहे, टी. चौडय्यांच्या नावाचं! क्लासही गल्लोगल्ली आहेत. पण आपली मुलं शिकतात ती एकेकटी, परीक्षेसाठी किंवा सोसायटीच्या गणपतीत माइकसमोर तीन मिनिटं उभं राहण्यासाठी. मागे कॅराओके, पुढे मोबाइलचे कॅमेरे. शेजारच्या विंगमध्ये तबला शिकणारी मुलगी आहे, हे व्हायोलिनवाल्या मुलाला माहीतही नसतं. आजीला येणाऱ्या चालीवरच्या गौळणी तर आजीबरोबरच राहतात. व्हॉट्सॲपवर एखादी रेकॉर्डिंग येते, अंगठा दाखवून आपण पुढे जातो.

म्हणून एक सुचवते. या शनिवारी आधी ‘रेक्स ऑफ मॅलो’ आणि लगेच ‘वन्दे मीनाक्षी’ घरात सगळ्यांनी मिळून ऐका. मग बिल्डिंगमध्ये कुणाकडे काय वाद्य आहे ते विचारा. पलंगाखाली एखादी पेटी नक्की निघेल. सगळ्यांना येते अशी एकच चाल घ्या, आरतीची घेतली तरी चालेल. खुर्च्यांच्या रांगा लावू नका, गोल बसा. येत नसेल त्याला ऐकू द्या, उठवू नका. रेकॉर्डिंग दुसऱ्या वेळी. आणि आयरिश मंडळींचा एक नियम मात्र कडक पाळा. त्यांच्याकडे एका वेळी बोरान एकच वाजतं, तशी तुमच्याकडे ढोलकी एकच असू द्या.