दुःखाचा पत्ता पुसू नका!

अभिषेक चौबे यांचा 'उडता पंजाब' हा हिंदी चित्रपट १७ जून २०१६ रोजी प्रदर्शित झाला. त्याला बरीच वर्षे लोटली, तरी त्याचा विषय निघाला की आजही वाद हमखास होतो. एक म्हणतो, असला चित्रपट काढायलाच नको होता. शिव्या, सुया, बलात्कार. घरच्यांबरोबर बसून पाहवत नाही, आणि वर एका अख्ख्या प्रांताची बदनामी. दुसरा म्हणतो, पाहवत नाही म्हणूनच तो पाहिला पाहिजे, जे आहे तेच दाखवले आहे. तिसऱ्याचे म्हणणे असे की, धुंद गाणी आणि झगमगता गायक पाहून तरुण पोरांना नशेचे आकर्षणच वाटेल. चळवळीतील कार्यकर्तेही या तीन गटांत वाटले गेलेले आम्ही पाहतो. पंचशील पाळणाऱ्या घरात असली चित्रे कशाला, असा प्रश्न काही ज्येष्ठ उपासक प्रामाणिकपणे विचारतात.

हा वाद प्रामाणिक असेलही, पण तो अपुरा आहे असे आमचे स्पष्ट मत आहे. पाहावे की पाहू नये हा प्रश्न ज्याला डोळे मिटून घेण्याची सोय आहे त्याचा आहे. ज्याच्या दंडात सुई गेली आहे त्याला ही सोय नाही. त्याच्या बाजूने विचार केला तर प्रश्न बदलतो. हे दुःख कोणाचे, ते कोणत्या गावात, कोणाच्या शेतात, कोणाच्या सत्तेखाली घडले, हा खरा प्रश्न होय. आणि नेमका हाच प्रश्न या देशात वारंवार खोडला जातो.

चित्रपटात चार मुख्य माणसे आहेत. नशेत बुडालेला गायक टॉमी सिंग, हप्ता घेऊन ट्रक सोडणारा पोलीस सरताज, व्यसनींवर उपचार करणारी डॉक्टर प्रीत, आणि बिहारमधून शेतमजुरीला आलेली एक मुलगी. ही मुलगी कधीकाळी हॉकी खेळलेली. सीमेपलीकडून फेकलेले हेरॉइनचे, पंजाबी बोलीत 'चिट्टा'चे, पाकीट तिला शेतात सापडते. ते विकून नशीब पालटेल या आशेने ती टोळीच्या हाती लागते. तिला कोंडतात, सुया टोचतात, तिच्यावर बलात्कार करतात. या मुलीला चित्रपटभर आपण नावाने ओळखत नाही. शेवटी ती 'मेरी जेन' असे नाव सांगते, तेही इंग्रजीत गांजाचे टोपणनाव! तिची जातही सांगितलेली नाही. पण परप्रांतातील जमीनदाराच्या शेतात रोजंदारीला जाणारी भूमिहीन माणसे बहुतांशी कोणत्या समाजातून येतात, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. या भूमिकेसाठी गोऱ्या नटीचा चेहरा रंगवून सावळा करण्यात आला. आलिया भट्ट यांनी काम उत्तम केले, त्यांना फिल्मफेअर पुरस्कारही मिळाला. परंतु सावळ्या मजूर मुलीच्या वाट्याला चर्चेतही जागा मिळाली नाही.

त्या वेळी देशभर चर्चा कशाची झाली ते आठवा. सेन्सॉर बोर्डाने निर्मात्यांपुढे तेरा बदलांची यादी ठेवली. तीत शिव्या होत्या, सुई टोचण्याची जवळून घेतलेली दृश्ये होती. पण त्याचबरोबर सुरुवातीची 'पंजाब' ही पाटी काढा, जालंधर, अमृतसर, तरनतारन, लुधियाना, मोगा ही नावे काढा, 'इलेक्शन', 'एमपी', 'एमएलए', 'पार्लमेंट' हे शब्द काढा, असेही होते! म्हणजे नशा राहिली तरी चालेल, गाव नको. मरणारा पोरगा दिसला तरी चालेल, आमदार नको. पंजाबात तेव्हा अकाली दल आणि भाजपचे सरकार होते, आणि २०१७ च्या फेब्रुवारीत विधानसभेची निवडणूक व्हायची होती. सूज्ञांस अधिक सांगणे न लगे.

निर्माते मुंबई उच्च न्यायालयात गेले. न्या. एस. सी. धर्माधिकारी आणि न्या. शालिनी फणसळकर-जोशी यांच्या खंडपीठाने १३ जून २०१६ रोजी एकच दृश्य कापण्यास आणि निवेदनात दुरुस्ती करण्यास सांगून, प्रौढांसाठीचे प्रमाणपत्र ४८ तासांत देण्याचा आदेश दिला. प्रांतांची आणि गावांची नावे शाबूत राहिली. संविधानाच्या कलम १९ ने दिलेल्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा तो विजय होता आणि आम्ही त्याचे स्वागतच करतो.

हा निकाल केवळ सिनेमावाल्यांच्या कामाचा आहे असे कोणी समजू नये. २०२५ साली 'फुले' चित्रपटाच्या वेळी काय घडले? ब्राह्मण संघटनांनी आक्षेप घेतला, ११ एप्रिलचे प्रदर्शन २५ एप्रिलवर गेले, आणि प्रमाणपत्र देताना 'महार', 'मांग', 'पेशवाई' हे शब्द हटवण्यास बोर्डाने सांगितले. जोतीराव-सावित्रीमाई दाखवा, पण त्यांनी कोणाला शिकवले आणि कोणाच्या राज्याने त्यांना अडवले ते बोलू नका! 'पंजाब' खोडणारी लेखणी आणि 'महार' खोडणारी लेखणी एकच आहे. दुःख दाखवायला या व्यवस्थेची हरकत नसते. दुःखाचा पत्ता सांगायला हरकत असते. म्हणून जो कार्यकर्ता 'असल्या चित्रपटांवर बंदीच हवी' म्हणतो, त्याने ही लेखणी उद्या कोणाच्या पानावर फिरेल याचा विचार करावा.

आता दुसरी बाजू. स्वातंत्र्याचा विजय झाला म्हणून टाळ्या वाजवणाऱ्यांनी तरी त्या मजूर मुलीचे काय केले? मार्च २०२१ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने पंजाब सरकारला एक पत्र पाठवले. सीमेलगतच्या जिल्ह्यांत सीमा सुरक्षा दलाला २०१९ आणि २०२० मध्ये ५८ माणसे सापडली, ती बहुतेक बिहार-उत्तर प्रदेशातील गरीब घरची होती, त्यांना शेतात वेठीने राबवले जात होते आणि जास्त काम व्हावे म्हणून नशेचे पदार्थ दिले जात होते, असा त्या पत्राचा आशय होता. दिल्लीच्या वेशीवर तेव्हा शेतकरी आंदोलन चालू होते. शेतकरी संघटना आणि पंजाब सरकार म्हणाले, ही शेतकऱ्यांची बदनामी आहे. गृह मंत्रालय म्हणाले, आम्ही शेतकऱ्यांवर आरोप केलेला नाही, पत्राचा विपर्यास झाला. पुन्हा तेच! एकीकडे प्रांताचा मान, दुसरीकडे सरकारचे राजकारण. पत्राच्या हेतूबद्दल शंका घ्यायला जागा होती, हे आम्हालाही मान्य आहे. परंतु त्या ५८ जणांची मजुरी मिळाली का, कलम २३ ने बंदी घातलेली वेठबिगारी तेथे होती का, १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याखाली चौकशी व्हावी का, हा आवाज त्या गदारोळात कोणाच्या कानी पडला? पंजाब हा मान्यवर कांशीरामजींचा प्रांत. २०११ च्या जनगणनेनुसार तेथील ३१.९ टक्के लोक अनुसूचित जातींचे, देशात सर्वांत जास्त. तरी जमीन त्यांच्या हाती अत्यल्प. त्या प्रांताच्या 'माना'त हा तिसरा हिस्सा धरला जातो की नाही, हे विचारण्याचा अधिकार चळवळीला आहे.

येथे बाबासाहेबांचे स्मरण करणे आवश्यक आहे. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थाला वैराग्य आले ही परंपरागत कथा बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात नाकारली. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारा, रोगी, प्रेत पाहिलेच नव्हते, हे बुद्धीला पटणारे नाही, असा त्यांचा रोखठोक आक्षेप होता. त्यांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण शोधले ते रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात पेटलेल्या तंट्यात. याचा अर्थ काय? केवळ करुण दृश्य पाहून माणूस बदलत नाही. दृश्यामागचा पाण्याचा, जमिनीचा, सत्तेचा तंटा समजून घेऊन त्यात भूमिका घ्यावी लागते. 'उडता पंजाब' पाहून रात्रभर झोप न लागलेला प्रेक्षक आम्हाला मोलाचा वाटतो. पण सकाळी उठून तो कामाला लागला नाही, तर ती झोप फुकट गेली.

काम कोणते? एक वकील म्हणून आम्ही कायद्याकडे बोट दाखवतो. अंमली पदार्थांविषयीचा एनडीपीएस कायदा १९८५ चा. कलम २७ प्रमाणे नशा करणे हाच गुन्हा. पण त्याच कायद्यात कलम ६४-अ आहे. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणातील पदार्थाचा आरोप असलेला व्यसनी स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घेण्यास तयार झाला, तर त्याच्यावरील खटल्यापासून त्याला संरक्षण मिळू शकते. उपचार अर्धवट सोडले तर ते काढून घेता येते. कलम ३९ प्रमाणे दोषी ठरलेल्या व्यसनीलाही शिक्षेऐवजी उपचारासाठी सोडण्याचा अधिकार न्यायालयाला आहे. झडतीपूर्वी राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यासमोर झडती घेण्याची मागणी करता येते हे आरोपीला सांगितलेच पाहिजे, असे कलम ५० बाबत सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९९९ साली, पंजाबच्याच बलदेव सिंग खटल्यात, सांगितले. ही कलमे ज्याच्याकडे चांगला वकील आहे त्याला सापडतात. झोपडपट्टीतल्या पोराला ती कोण सांगणार? तो पोलिसांच्या लेखी 'गर्दुल्ला', शेजाऱ्यांच्या लेखी 'गर्दुल्ला', आणि जामीन मंजूर झाला तरी जामीनदार मिळत नाही म्हणून आतच.

उपचाराने काही होत नाही, हाही गैरसमज आहे. एम्सच्या व्यसनोपचार केंद्राच्या सहभागाने २०१५ साली पंजाबात पाहणी झाली. त्यात अफू आणि हेरॉइनच्या वर्गातील पदार्थांच्या आहारी गेलेल्यांची संख्या सुमारे २ लाख ३२ हजार असल्याचा अंदाज निघाला. त्यांतील ८० टक्क्यांहून अधिक लोकांनी नशा सोडण्याचा प्रयत्न केला होता. मदत किंवा उपचार मिळाले ते सुमारे ३५ टक्क्यांना. म्हणजे सोडण्याची इच्छा होती, दार उघडे नव्हते. पुढे ऑक्टोबर २०१७ पासून पंजाब सरकारने बाह्यरुग्ण उपचार केंद्रे सुरू केली, हे योग्य पाऊल होते. पण २०१८ साली त्याच सरकारच्या मंत्रिमंडळाने नशा विकणाऱ्यांना फाशीची शिफारस केली. फाशीची भाषा जाहीर सभेत टाळ्या मिळवते. डॉक्टर आणि औषधे यांना टाळ्या मिळत नाहीत.

आपल्या घरात तरी काय स्थिती आहे? १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. पाचव्या शीलात मादक पदार्थ वर्ज्य आहेत ते प्रमादामुळे, म्हणजे भान सुटल्याने. भान सुटलेल्या समाजाला कोणीही हाकू शकतो. हे शील वस्तीच्या राजकीय शहाणपणाचे शील आहे. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभरावर माणसे मेली, बहुतेक हातावर पोट असणारी. संविधानाचे कलम ४७ मादक पेये आणि घातक अंमली पदार्थ यांच्यावर बंदीसाठी प्रयत्न करण्याचे निर्देश शासनाला देते, आणि शासन मात्र दारूच्या महसुलाचे उद्दिष्ट दरवर्षी वाढवते. याविरुद्ध लढायचे तर शील घरात पाळावे लागेल. मात्र शील म्हणजे व्यसनी मुलाला घराबाहेर काढण्याचा परवाना नव्हे. भगवंताने अंगुलिमालालाही दार बंद केले नाही.

२६ जून हा जागतिक अंमली पदार्थ विरोधी दिन. तोच राजर्षी शाहू महाराजांचा जन्मदिन, महाराष्ट्रात सामाजिक न्याय दिन. केंद्रात आणि राज्यात व्यसनमुक्तीचे काम सामाजिक न्याय विभागाकडेच आहे. तेव्हा त्या दिवशी मिरवणुकीबरोबर एक निवेदनही निघाले पाहिजे. प्रत्येक तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात मोफत व्यसनोपचार हवा. कलम ६४-अ आणि ३९ ची माहिती प्रत्येक पोलीस ठाण्यात मराठीत लावलेली हवी. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. हे प्रत्येक विहारात सांगितले गेले पाहिजे. तरुण कार्यकर्त्यांनी असे चित्रपट प्रौढांना जरूर दाखवावेत, आणि पडदा खाली आल्यावर दिवे लावून एक डॉक्टर व एक वकील समोर बसवावा.

चित्रपट आवडला की नाही हे ज्याने त्याने ठरवावे. पण त्या मजूर मुलीचे नाव काय, गाव कोणते, तिला कोणी कामावर ठेवले होते आणि तिची मजुरी कोणी बुडवली, हे विचारल्याशिवाय चळवळीच्या माणसाने चित्रपटगृहातून घरी जाऊ नये.

जयभीम!