दुखणे आणि गोळी

तापलेल्या तव्याला बोट लागते आणि ‘आई गं’ म्हणण्यापूर्वीच हात मागे येतो. मेंदूस वर्दी पोचण्याआधीच मेरुरज्जूने स्नायूंना हुकूम सोडलेला असतो. ही प्रतिक्षिप्त क्रिया आपण सर्वांनी शाळेत पाठ केली. परंतु घरोघरी सर्रास घेतल्या जाणाऱ्या वेदनाशामक गोळीशी तिचा संबंध काय, याचा विचार आपण क्वचितच करतो.

अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या शरीराच्या या पहारेकऱ्यास झोपवितात, असा समज आहे. तो खरा नव्हे. गोळी घेतलेल्याचा हातही तव्यावरून चटकन मागे येतोच. गोळीचे काम चालते ते सुजेच्या जागी. तेथील पेशी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये निर्माण करतात. त्यांच्यामुळे वेदनेचे मज्जातंतू इतके हळवे होतात, की साध्या स्पर्शानेही अंग आखडते. मेरुरज्जूतही ही द्रव्ये वाढतात आणि वेदनेच्या संदेशांवरील तेथला लगाम सैल होतो. ही द्रव्ये घडविणाऱ्या विकरालाच अ‍ॅस्पिरिन अडविते, हे जॉन वेन यांनी १९७१ साली दाखविले. १९८२ च्या नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी ठरले. सारांश, गोळी हळव्या झालेल्या पहारेकऱ्यास शांत करते. झिजलेला गुडघा मात्र झिजलेलाच राहतो.

मग भय कशाचे? हीच द्रव्ये जठराचे अस्तर राखतात आणि मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा सांभाळतात. आमच्या आक्कांनी जुन्या चिठ्ठीवर दुकानातून गोळ्या आणवून चार महिने घेतल्या. गुडघे शांत झाले, म्हणून घरात सर्वांना आनंदच होता. पुढे शौचास काळे होऊ लागले. संकोचापायी त्या बोलल्या नाहीत. एके सकाळी भोवळ येऊन पडल्या, तेव्हा जठरातील व्रण उमगला. रक्त द्यावे लागले. आता त्या बऱ्या आहेत. परंतु चार महिन्यांत आम्ही एकदाही त्यांना ‘गोळी कोणती, किती दिवस?’ असे विचारले नव्हते, ही खंत आम्हांस आजही आहे.

गोळी वाईट नव्हे. डॉक्टरांनी सांगितली तितकी आणि तितकेच दिवस घेतली, तर ती उपकारकच आहे. मात्र वडीलधाऱ्यांच्या उशाशी कोणती पुडी आहे, हे आज रात्रीच एकदा पाहावे, एवढीच वाचकांस विनंती.