खेळाला शेवट हवा

आमच्या नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळ्या-पिवळ्या मारबतींची मिरवणूक निघते आणि साऱ्या गावाची इडापिडा त्यांच्याबरोबर जाळून टाकली जाते. मोबाईलचीही अशीच मारबत करावी, म्हणजे पोर सुधारेल, असे पुष्कळ आईबापांना मनापासून वाटते. कारण विचारावे, तर उत्तर ठरलेले: "हल्लीच्या मुलांचे कशातच लक्ष लागत नाही!"

काय हा तर्क! ज्याला तीन हाका मारल्या तरी ऐकू येत नाहीत, त्याचे लक्ष लागत नाही म्हणावे? लक्ष लागले आहे. शाळेत आणि घरात मिळून आपण लावू शकलो नाही इतके लागले आहे. ते कसे लागले, एवढे तरी डाफरण्याआधी समजून घ्यावे.

ही विद्या मोबाईलहून जुनी आहे. नाणे टाकून खेळायच्या व्हिडिओ गेमच्या पेट्या ज्यांनी पाहिल्या, त्यांना ती ठाऊक आहे. १९७८ साली जपानात तोमोहिरो निशिकादो याने तैतो कंपनीसाठी 'स्पेस इन्व्हेडर्स' रचला. पडद्यावर पाच रांगांत ५५ शत्रू. एकेक मारावा, तसे उरलेले अधिक वेगाने चाल करतात. मुळात हा यंत्राचा दुबळेपणा होता. चित्रे कमी झाली की त्याचा भार हलका होई आणि वेग वाढे. निशिकादोने तो दोष पुसला नाही, त्यालाच खेळाचा प्राण केले. जोडीला खर्जातल्या चार सुरांचा ठोका, तोही वाढत्या लयीचा. आपला ख्यालगायक विलंबितातून द्रुतात शिरतो, तेव्हा श्रोत्याला असाच ओढून नेतो!

१९८० साली नाम्को कंपनीच्या तोरू इवातानीने 'पॅक-मॅन' आणला. त्यातली चार भुते चार स्वभावांची. एक थेट पाठलाग करते, दुसरे पुढची वाट अडवते. पण थोड्या थोड्या वेळाने चौघेही पाठलाग सोडून आपापल्या कोपऱ्याकडे वळतात. सतत छळले तर माणूस उठून जातो. मध्ये दम खाऊ द्यावा, हे त्यातले मर्म. आमच्या शाळांच्या वेळापत्रकांनी ते जरूर शिकावे.

कुणी म्हणेल, हा तर पैशाचा सापळा! होताच. पेटी नाण्यावर चाले, आणि खेळणारा लवकर हरला तरच दुसरे नाणे पडे. परंतु त्या लोभाला खिशाचे कुंपण होते. 'गेम ओव्हर' ही अक्षरे उमटत, मागे ताटकळलेला पोरगा कोपराने ढोसे, आणि खेळणारा मुकाट्याने घरची वाट धरी.

आजच्या मोबाईलवरच्या कितीतरी खेळांनी ती मोहिनी तेवढी उचलली आणि कुंपण उपटून टाकले. खेळ फुकट, पण त्याला अंत नाही. रोज हजेरी लावा, बक्षीस घ्या. एक दिवस चुकलात, तर मागची पुण्याई बुडाली! पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये कायद्याने बंदी घातली, हे उत्तम झाले. पण ज्या खेळात पैशाऐवजी मुलाची अख्खी संध्याकाळ पणाला लागते, त्याला कोणता कायदा आवरणार?

आपल्या जुन्या मोक्षपटाशी परंपरेने ज्ञानेश्वरांचे नाव जोडले आहे. त्यात साप आहेत, शिड्या आहेत, मोह आहेत. पण वरच्या टोकाला मोक्षाचे घरही आहे. तिथे पोचलेला खेळाडू पट सोडून उठतो. पट आखणाऱ्याने त्याच्या सुटकेची सोय आधीच करून ठेवलेली असते.

तेव्हा पालकहो, मुलाच्या तल्लीनतेशी वैर धरू नका. तेच मन उद्या गणितात, तबल्यात, नाहीतर कपाशीच्या वावरात रमायचे आहे. मोबाईल हिसकावण्याआधी त्याला एवढेच विचारा, "बाळ, हा खेळ संपतो कधी?" उत्तर आले, तर संपेपर्यंत खुशाल खेळू द्या. नाही आले, तर शेवट आपण घालायचा. आणि त्याने पुन्हा तल्लीन व्हावे असे काहीतरी हाताशी ठेवूनच घालायचा.