चांदीची मोहरीदाणी व आमचे गुंड

शिरक्यांत कालविलेली मोहरी जेवणाच्या मेजावर ठेवण्याकरितां इंग्रज लोक चांदीचें एक लहानसें झांकणाचें भांडें वापरीत. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत लंडनमध्यें घडलेल्या अशा मोहरीदाण्या आज संग्रहालयांतून जपलेल्या आहेत. पितळेच्या भांड्यांकरितां नांवाजलेल्या भंडाऱ्याच्या विद्यार्थ्यांनीं हें परकें भांडें जरा निरखून पाहावें, असें आम्हांस वाटतें.

पुष्कळ मोहरीदाण्यांची भिंत बारीक करवतीनें कोरून जाळीदार केलेली असते, व जाळींतून आंतील निळ्या कांचेची वाटी दिसते. ही निळाई केवळ शोभेची असावी, असें पाहणाऱ्यास वाटतें. परंतु आंबट-खारट मोहरीनें चांदी खराब होते, म्हणून पदार्थ कांचेंत व चांदी बाहेर, अशी ती योजना आहे. अडचणीवर काढलेला तोडगाच अलंकार झाला! झांकणाच्या कडेची खांचही चमच्याच्या दांड्याकरितां. कोरलेल्या फुलमाळा मात्र निव्वळ हौसेच्या. तेवढी हौस कारागिरास असावीच.

हीच अडचण आमच्या घरीं निराळ्या रीतीनें सुटली. पितळेंत ताक कळकतें, हें प्रत्येक गृहिणीस ठाऊक. म्हणून कल्हईवाला भांडें तापवून, नवसागर टाकून, कथलाचा पातळ लेप आंतून फिरवी. बुद्धीनें तो कोणास हार जाणारा नव्हे.

फरक आहे तो निराळ्याच ठिकाणीं. मोहरीदाणीवर बारीक ठसे असतात. चालता सिंह म्हणजे हजारांत ९२५ भाग चांदी. शेजारीं वर्षाचें अक्षर व घडविणाऱ्याचीं आद्याक्षरें. हेस्टर बेटमन या विधवेनें १७६१ सालीं लंडनच्या गोल्डस्मिथ्स हॉलमध्यें आपली खूण नोंदविली. म्हणून आजही तिचें काम तिच्या नांवानें ओळखलें जातें. आमच्या गुंडावर नांव असतें तें आहेर करणाऱ्या मामाचें! ज्यानें ठोके देऊन त्याचें पोट घडविलें, त्याचें नाहीं.

याचा परिणाम साधा नाहीं. स्टीलपुढें पितळ मागें पडली, व जुनीं भांडीं वजनावर मोडींत जातात. तेथें धातूचे पैसे मिळतात, घडणावळ बुडते. निनांवी कामास मोल मागणार तरी कोण? नव्या भांड्याच्या बुडाशीं कारागिराचीं दोन अक्षरें व सन उमटविण्यास फारसा खर्च येणार नाहीं. ज्यांच्या घरीं जुना गुंड असेल, त्यांनीं तो कोणी घडविला, हें आजीस विचारून आजच लिहून ठेवावें.