पगारातील त्याग आणि उतारवयाची शिदोरी

मार्च महिना जवळ आला की नोकरदार घरांतून विम्याच्या हप्त्यांच्या आणि बचतपत्रांच्या पावत्यांची शोधाशोध सुरू होत असे. कर वाचविण्याच्या निमित्ताने का होईना, म्हातारपणासाठी चार पैसे बाजूला पडत. ही रीत आता मोडू लागली आहे, आणि तिकडे आमच्या वाचकांनी सावधपणे पाहावे असे आम्हांस वाटते.

२०२० साली आलेली नवी करपद्धती २०२३-२४ पासून, वेगळे न कळविल्यास, आपोआप लागू होते. तीत विम्यावर वा स्वतः भरलेल्या भविष्यनिर्वाह निधीवर सवलत नाही. मालकाने नोकराच्या नावे राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत भरलेल्या रकमेस मात्र ती आहे. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पाने खासगी नोकरांसाठी तिची मर्यादा मूळ वेतन व महागाईभत्ता यांच्या १० टक्क्यांवरून १४ टक्क्यांवर नेली. म्हणून ठरलेल्या पगारातील काही भाग हाती न घेता मालकाकरवी ह्या योजनेत वळवावा, असा सल्ला पुण्या-बंगळूरला नोकरी करणाऱ्या आमच्या मुलांना मिळू लागला आहे.

सल्ला खोटा नाही. पण तो सर्वांसाठी नाही. वार्षिक पगार १९ लाख आणि मूळ वेतन दरमहा ८०,००० असलेल्याने १४ टक्के वळविले, तर वर्षास १,३४,४०० रुपये साठतात आणि २०२५-२६ च्या दरांनी सुमारे २८,००० रुपये कर वाचतो. उलट त्याच वर्षी पावणेतेरा लाखांपर्यंतच्या पगारावर ह्या पद्धतीत कर मुळीच नव्हता. उद्यमबागेतील कारखान्यांतला बहुतेक कामगारवर्ग ह्याच मर्यादेत मोडेल. त्याला ह्या त्यागातून कराचा एक पैसाही सुटत नाही.

मग त्याने साठवू नये काय? आमचे मत नेमके उलटे आहे. निपाणीच्या विडी कामगार भगिनींना करसवलतीशी कधीच कर्तव्य नव्हते. १९५२ च्या कायद्याचा निधी विडीधंद्यास १९७७ साली लागू झाला. त्यात त्यांची कपात बारा नव्हे, दहा टक्के. २०१४ साली ह्या निधीशी जोडलेले किमान निवृत्तिवेतन ठरले ते दरमहा अवघे १,००० रुपये. एवढ्यात म्हातारपण निभत नाही, हे त्या घरांना कोणी सांगावे लागत नाही.

सवलती सरकारच्या हाती असतात. ब्रिटननेही नोव्हेंबर २०२५ मध्ये अशाच वेतनत्यागावरील राष्ट्रीय विम्याची सूट एप्रिल २०२९ पासून वर्षाला २,००० पौंडांपुरती मर्यादित करण्याचे जाहीर केले. तेव्हा सवलत मिळाली तर घ्यावी. मात्र ह्या योजनेतला पैसा साठीपर्यंत सहजी हाती येत नाही, हे ध्यानी ठेवून लग्नकार्याची नि आजारपणाची तजवीज निराळी करावी. आणि सवलत गेली म्हणून हप्ता थांबवू नये. म्हातारपण करपद्धती पाहून येत नसते.