बरण्या भरणे हा परिग्रह नव्हे



गेल्या महिन्यात आमच्या महिला मंडळात शहरातून एक ताई बोलायला आल्या होत्या. विषय होता अपरिग्रह. बोलल्या छान, आवाजही गोड. शेवटी त्यांनी सगळ्यांना एक नियम घ्यायला सांगितला : घरात आठवड्यापेक्षा जास्त किराणा ठेवायचा नाही. साठवण म्हणजे आसक्ती, भरलेली बरणी म्हणजे परिग्रह. पंचवीसेक हात वर झाले. त्यात माझ्या धाकट्या जाऊबाईंचाही होता. माझा नव्हता. तो का नव्हता हे सांगायला तिथं वेळ मिळाला नाही, म्हणून इथं लिहिते.

गोष्ट बरण्यांवर थांबली असती तर मी गप्प बसले असते. पण आमच्या घरामागं आठ गुंठ्यांचं परडं आहे. दोन आंबे, एक चिंच, लिंबू, कढीपत्ता, गवारी-कारल्याचे वाफे, बांधाला तूर. जाऊबाईंचं म्हणणं, साठवायचंच नाही तर पिकवायचं कुणासाठी? प्लॉट पाडून विकून टाकू. घरातल्या पुरुषांनाही ते पटायला लागलंय. दिवाळीपर्यंत ठरवायचं आहे.

मी १९८२ ची बी.कॉम. नोकरी केली नाही, पण हिशेबाची सवय गेली नाही. खर्च आपल्या खात्यावरून उचलून दुसऱ्याच्या खात्यावर टाकला म्हणजे तो नाहीसा होत नाही, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. आठवड्याचा किराणा आणणाऱ्या बाईच्या घरी साठा नसतो हे खरं. पण तूर वर्षातून एकदाच निघते. मग उरलेले अकरा महिने तिची डाळ कुठं असते? गोदामात. माझ्या माहेरी भुसार मालाचा व्यापार होता, त्यामुळं गोदाम मी लहानपणापासून पाहिलंय. थप्पीवर ताडपत्री घालून आत ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या ठेवतात आणि कडेनं हवाबंद करतात. आतला जीव न् जीव मरावा यासाठीच ती धुरी असते. वडील त्या दिवसांत आम्हा मुलांना तिकडं फिरकू द्यायचे नाहीत.

आपल्याकडं पाप मोजताना कृत, कारित आणि अनुमोदना तिन्ही मोजतात. स्वतः केलं नाही, पण पैसे देऊन दुसऱ्याकडून करवून घेतलं, तर ते कुठल्या खात्यात लिहायचं? मला त्या ताईंना एवढंच विचारायचं होतं.

आता घरची साठवण कशी होते ते सांगते, कारण हात वर करणाऱ्यांपैकी निम्म्याजणींनी ती कधी केलेली नाही. आपल्या पद्धतीत सगळा भर कीड लागण्याआधीच्या कामावर असतो. चैत्र-वैशाखाच्या उन्हात धान्य माडीवर पसरायचं, रोज हलवायचं. दाणा दाताखाली धरला की कट्‌ आवाज यायला हवा. दबला तर आणखी ऊन. मग सावलीत पूर्ण निववून डब्यात भरायचं. गरम भरलं तर आत घाम धरतो आणि तिथूनच बिघडायला सुरुवात होते. डाळीला एरंडेलाचा हात, गव्हात कडुलिंबाचा वाळलेला पाला. कारण एकदा कीड झाली की आपल्याला इलाज उरत नाही. उन्हात घातलं तरी हिंसाच.

कैऱ्यांचं तसंच. पाडाला लागायच्या आधी उतरवायच्या, साल काढून फोडी करायच्या, मीठ चोळून वाळवायच्या. दहा किलो कैऱ्यांची जेमतेम किलोभर आंबोशी होते, पण आमटीला वर्षभर पुरते. गवारी कोवळी असतानाच, कारल्याच्या चकत्या बिया काढून. अष्टमी-चतुर्दशीला ज्यांना हिरवं वर्ज्य आहे त्यांच्या ताटात मग पिठल्याशिवाय आणखी काहीतरी असतं. (लोणच्याचा वाद मी इथं काढत नाही. आमच्या सासूबाई त्याच दिवशी केलेलं खायच्या, दुसऱ्या दिवशी हात लावायच्या नाहीत. कुरडयाही आमच्याकडं बंद आहेत, कारण त्याचा गहू तीन दिवस आंबवावा लागतो.)

माझ्या हातून चूक झालीच नाही असं नाही. २०११ साली तुरीची डाळ हवी त्यापेक्षा दुप्पट केली. शेवटचा घाणा वाळत असताना ढग आले, मी घाई करून डबा भरला. श्रावणात झाकण उघडलं तर डाळ हलत होती. पोरकिडे. ना उन्हात घालता येईना, ना कुणाला देता येईना. चिंचेखाली सावलीत नेऊन ओतली आणि आत येऊन बसले. त्या दिवशीचं एकाशन मी कुणाला सांगून केलं नाही. तो परिग्रह होता, हे मी मान्य करते. पण त्यात दोष डब्याचा नव्हता. गरजेपेक्षा दुप्पट भरलं हा माझा लोभ होता.

आणि शास्त्रही हेच सांगतं. श्रावकाच्या व्रताचं नाव परिग्रह-परिमाण आहे. रत्नकरंड श्रावकाचारात समंतभद्र आचार्यांनी त्यालाच इच्छापरिमाण असंही म्हटलंय. धन-धान्याची मर्यादा ठरवा आणि त्याहून जास्तीची इच्छा ठेवू नका. धान्य ठेवूच नका असं गृहस्थाला सांगितलेलं नाही. जे मुनींना सांगितलंय ते आपण आपल्या फडताळाला लावतो, आणि बाकी सोनं, फ्लॅट, गुंतवणूक यांना मात्र कुणी आठवड्याची मर्यादा घालत नाही. त्या दिवशी सभागृहात कुणाच्या हातात किती बांगड्या होत्या ते मी मोजलं नाही, पण दिसत होतं.

आणखी एक. महाराजांचा विहार गावात आला आणि चौका लागला की याच बायका बुट्टी घेऊन आमच्या दारात येतात. वैनी, घरची डाळ आहे का? शोधलेला गहू आहे का? कारण पिठाची मर्यादा पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच, हिवाळ्यात सात. पाकिटातलं पीठ त्यात बसत नाही, आणि ताजं दळायचं तर घरात अख्खा गहू लागतो. मी देते, आनंदानं देते. पण नियम त्यांचा आणि साठा माझा, हे कसं?

ऑगस्ट २०१९ विसरलात का? शिरोळ तालुक्यात पाणी शिरलं, पुणे-बेंगळुरू महामार्ग कितीतरी दिवस बंद होता. आमचं घर उंचवट्यावर म्हणून वाचलं. आत अठरा माणसं होती, चार वेगवेगळ्या घरची. दुकानाच्या फळ्या तिसऱ्याच दिवशी रिकाम्या झाल्या. आम्ही आमटी-भात केला, आंबोशी घालून. भाजी म्हणून वाळवलेली गवारी. त्यात आमची आठ महिन्यांची डाळ बारा दिवसांत निम्म्यावर आली. बरी आली. ज्यांच्या घरी आठवड्याचाच किराणा होता त्याही जेवल्या. तेव्हा कुणी परिग्रह म्हटलं नाही.

जाऊबाईंची एक बाजू मात्र शंभर टक्के खरी आहे. हे काम मरणाचं आहे. माझे गुडघे आता माडीचा जिना दिवसाला दोनदाच मानतात. आमच्या मजुरीचा आकडा हिशेबात धरला तर घरची डाळ बाजारापेक्षा महाग पडते, मी मांडून पाहिलंय. पण चाळीस वर्षं तो आकडा कुणीच धरला नाही, आणि आता परडं विकायचं म्हटल्यावर सगळ्यांना एकदम आठवला. बायकांना त्रास होतो म्हणून जमीन विकायची, पण भरलेली बुट्टी माडीवर चढवायला घरातला एकही पुरुष उठायचा नाही! नियम द्यायचाच असेल तर त्यांना द्या की एखादा.

मी माझा नियम वहीत लिहिलाय. पाच माणसांना वर्षाला तूरडाळ ४० किलो, आंबोशी २ किलो, गवारी आणि कारली मिळून ३ किलो. नवं पीक येईपर्यंत जे संपणार नाही ते आधीच देऊन टाकायचं. खाली माझी सही आहे. शेजारची जागा जाऊबाईंसाठी ठेवली आहे. परवा त्यांनी वही वाचली, काही बोलल्या नाहीत. पण काल सकाळी कैऱ्या उतरवायला झेला घेऊन त्याच आधी परड्यात गेल्या होत्या.